‘गौण वनोपज’ : एका संज्ञेची चिकित्सा

मोहफूल, तेंदूपान, हिरडा, डिंक, मध, लाख, औषधी मुळे, अशा लाकडाव्यतिरिक्त सर्व वनोत्पन्नास शासनव्यवहारात ‘गौण वनोपज’ ही एकच संज्ञा रूढ आहे. ‘गौण’ हा शब्द सापेक्ष होय. प्रधान काय ते गृहीत धरल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. येथे प्रधान ते लाकूड, आणि हे प्राधान्य ठरविले ते सागवानाचे उत्पन्न मोजणाऱ्या सरकारी खात्याने. उन्हाळ्यात मोह वेचून आणि पाने तोडून ज्याचा संसार चालतो, त्याच्या लेखी हा क्रम उलटा आहे. ‘अकाष्ठ वनोपज’ हा पर्यायही निर्दोष नाही. त्याने अवहेलना टळते. परंतु नञ् समासामुळे गणनेचा आरंभ पुन्हा काष्ठापासूनच होतो.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, हे बांबूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचा अंतर्भाव केला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने तोच बांबू गौण वनोपजात गणला व अशा वनोपजाची मालकी ते परंपरेने गोळा करणाऱ्या वननिवासींकडे दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्यावाचून बांबू विकता येईना. परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते २७ एप्रिल २०११ रोजी. आणि ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. एका व्याख्येची दुरुस्ती होण्यास नव्वद वर्षे लागली.

मालकी ठरविण्यासाठी व्यापक संज्ञा आवश्यक असते, हे मान्य केले पाहिजे. अन्यथा प्रत्येक फळामुळासाठी स्वतंत्र दावा लढवावा लागेल. मात्र वन राखण्याच्या कामी हीच व्यापकता अपुरी पडते. ‘गौण वनोपजाचे संकलन’ या शब्दप्रयोगात अगदी भिन्न क्रिया एकत्र येतात. मराठीतील साधी क्रियापदे येथे अधिक नेमकी आहेत. गळून पडलेले मोहफूल वेचतात. तेंदूचे पान तोडतात. डिंकासाठी खोडावर खाच पाडतात. अर्जुनाची साल सोलतात. सफेद मुसळी वा शतावरी खणतात. वेचण्याने झाडास इजा होत नाही. सोलण्यात अतिरेक झाला तर झाड वाळते. खणण्यात तर मुळाचा काही भाग मागे ठेवला नाही, तर वनस्पतीच नाहीशी होते. प्रत्येक क्रियापदामागे निराळी मर्यादा आणि निराळा विश्रांतिकाळ आहे.

तथापि क्रियापदांवरही अंधपणे विसंबता येत नाही. मोह वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. ‘वेचणे’ या निरुपद्रवी शब्दाआड ‘जाळणे’ दडलेले असते, आणि त्यात मोहाचीच रोपे नष्ट होतात. म्हणून ग्रामसभेच्या नियमपत्रात वस्तूंच्या यादीबरोबर कृतींचीही यादी हवी : काय, कोणत्या महिन्यात, कोणत्या रीतीने, किती मागे ठेवून.

‘राखीव वन’ या संज्ञेचेही असेच परीक्षण व्हावयास हवे. ‘राखीव’ आणि ‘राखणे’ यांचा धातू एकच. परंतु ‘राखीव’ म्हणताना राखणारा कोण, हे अनुक्त राहते. २००६ च्या अधिनियमाने ग्रामसभेस संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार देऊन तो कर्ता वाक्यात परत आणला. मेंढा येथे सर्वसहमतीने होणारे निर्णय आणि त्यांना आधार देणारे अभ्यासगट ही त्या कर्तृत्वाची ठळक खूण होय.

एक उणीव मात्र उरते. मेंढ्यातील लोकांची भाषा गोंडी आहे. वर विवेचिलेली क्रियापदे मराठीची आहेत. वन वापरणाऱ्यांचे वर्गीकरण त्यांच्याच भाषेतून नोंदविले गेले नाही, तर एका परक्या संज्ञेच्या जागी दुसरी परकी संज्ञा येईल, इतकेच. मराठी विभागांनी गोंडीतील वनविषयक क्रियापदांचा कोश गावकऱ्यांसह सिद्ध करणे, हे भाषाविज्ञानाचे कार्य तर आहेच, वनरक्षणाचेही आहे.