एका ‘नॅचरल’चे लात्व्हियन वाटे

आज आम्ही जो मजकूर तपासायला घेतलाय तो कादंबरी नाही, कविताही नाही. तो आहे शब्दांचा तक्ता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे लात्व्हियन; विषय निसर्ग आणि नैसर्गिकपणा. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी असे विषयवार तक्ते सर्रास तयार होतात. त्यांची समीक्षा मात्र कुणी करत नाही. आम्हाला वाटतं, करायला हवी. कारण तक्ता नुसते शब्द देत नाही, तो दोन भाषांमध्ये बरोबरीचं चिन्ह घालतो. आमची तक्रार त्या चिन्हाबद्दल आहे.

लात्व्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश, लोकसंख्या जेमतेम १९ लाखांच्या आसपास. त्यांची भाषा लिथुआनियनची बहीण, म्हणजे इंडो-युरोपीय कुटुंबातली, आपलीही लांबची नातेवाईक. ‘नेचर’ला त्यांचा शब्द आहे ‘दबा’. हसू नका, दबा धरून बसण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यावरून विशेषण झालं ‘दबिस्क्स’. तक्त्यात ओळ येते : नॅचरल म्हणजे दबिस्क्स. संपलं.

पण खरंच संपलं का? आधी इंग्रजी बाजू पाहू. ‘नेचर’ आला लॅटिनमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे जन्माला येणं. रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्स’ या १९७६च्या पुस्तकात या शब्दाचे तीन मोठे अर्थ वेगळे केले : एखाद्या गोष्टीचा मूळ गुण, जग चालवणारी शक्ती, आणि हे समोरचं भौतिक जग. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७४ साली, जॉन स्टुअर्ट मिल यांचा ‘नेचर’ हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. एखादी गोष्ट नैसर्गिक आहे म्हणून ती योग्य ठरत नाही, हा त्यातला गाभा. म्हणजे इंग्रजीत हा शब्द एक गाठोडं आहे. त्यात वर्णन आहे, कौतुक आहे आणि न्यायनिवाडाही आहे. वाद घालताना माणूस कुठला अर्थ बाहेर काढतोय, ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

लात्व्हियन हे गाठोडं सोडते आणि वाटे घालते. पहिला वाटा व्याकरणातच पडतो. नॅचरल गॅसला ते ‘दबिस्का गाझे’ म्हणत नाहीत, ‘दबसगाझे’ म्हणतात. ‘दबस’ ही षष्ठी आहे : निसर्गाचा, निसर्गाची. निसर्गाचा वायू, निसर्गाची साधनसंपत्ती, निसर्गाची आपत्ती, सगळीकडे ‘दबस’. पण नॅचरल डेथ म्हणायचं असेल तर मात्र विशेषण : ‘दबिस्का नावे’. इथे निसर्ग मालक नाही, मरण्याची रीत तशी आहे. गोष्ट निसर्गाची की गोष्ट निसर्गासारखी, हा फरक इंग्रजी विशेषण गिळून टाकतं. आणि आपण तरी काय करतो? नैसर्गिक वायू, नैसर्गिक आपत्ती, नैसर्गिक मृत्यू. शब्द संस्कृत, गाठोडं इंग्रजीचं.

दुसरा वाटा बाजारातला. अस्सल चामडं, रेशीम, मध असं काही असलं की ‘दबीग्स’ हे दुसरं विशेषण पुष्कळदा पुढे येतं. दोन्ही विशेषणांच्या सीमा काटेकोर नाहीत, पण माणसाच्या वागण्यातली सहजता सांगायला ‘दबिस्क्स’ जवळचा. तक्त्यात एकच दिलेलं असेल तर शिकणाऱ्याला दुकानातल्या चिठ्ठीपुढे थबकावं लागतं.

तिसरा वाटा आम्हाला सगळ्यात आवडतो. इंग्रजीत कुणी विचारलं, “येणार ना?” आणि उत्तर आलं, “नॅचरली!”, तर लात्व्हियन माणूस म्हणेल ‘प्रुओतम्स’. यात दबा कुठेच नाही. हा शब्द जाणणं, समजणं या क्रियापदावरून आलाय. म्हणजे ‘समजण्यासारखंच आहे’. इंग्रजी माणूस निसर्गाची साक्ष काढतो, लात्व्हियन माणूस समोरच्याच्या समजुतीची. आपलं ‘साहजिकच’ इथे इंग्रजीच्या जवळ बसतं, कारण ‘सहज’ म्हणजे जन्मासोबत आलेलं. आपलं ‘अर्थात’ मात्र लात्व्हियनच्या शेजारी बसतं. एकाच घरात दोन्ही शब्द आहेत आणि आपण ते न बघता वापरतो.

बाकीचे वाटे भराभर घेऊ. गणितातल्या नॅचरल नंबरला ‘नतुराल्स’ हा लॅटिन पाहुणा. कायद्यातल्या नॅचरल पर्सनला ‘फिझिस्का पेर्सोना’, म्हणजे देहधारी व्यक्ती. नेचर रिझर्व्हला दोन शब्द : कडक संरक्षणाला ‘दबस रेझेर्वात्स’, आणि दुसऱ्या प्रकाराला ‘दबस लिएगुम्स’. ‘लिएगुम्स’मध्ये मनाई आहे, नाकारणं आहे. इंग्रजी म्हणते राखून ठेवलंय, लात्व्हियन म्हणते तुला मना आहे. उस्मा तलावातलं मोरित्सला बेट १९१२पासून राखीव आहे. म्हणजे तिथल्या माणसाला हे शब्द पुस्तकी नाहीत, पायाखालचे आहेत.

आता मुद्द्याचं. तक्त्यात ‘नॅचरलायझेशन’ असतं, आणि समोर ‘नतुरलिझात्सिया’. दिसायला सगळ्यात सोपी ओळ. आम्हाला मात्र तीच सगळ्यात जड वाटते. १९९१ साली स्वातंत्र्य परत मिळाल्यावर लात्व्हियाने १९४०पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिक मानलं. सोव्हिएत काळात येऊन राहिलेले आणि त्यांची मुलंबाळं, असे सुमारे ७ लाख लोक ‘नागरिक नसलेले’ ठरले. १९९४ला नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यानुसार भाषेची, इतिहासाची, राज्यघटनेची परीक्षा द्यायची आणि नागरिक व्हायचं. कल्पना करा, १९७०मध्ये रिगातच जन्मलेली एखादी बाई. जन्म तिथला, शाळा तिथली, आणि तिला सांगितलं जातं की तुझं नॅचरलायझेशन व्हायचंय. ज्या शब्दाच्या मुळाशी जन्म आहे, तोच शब्द तिचा जन्म पुरेसा नाही असं सांगायला वापरला जातो.

दुसरी बाजूही खरी आहे. ज्या भाषेला सोव्हिएत काळात स्वतःच्याच देशात रशियनपुढे मागे सरावं लागलं, तिने आपल्या भाषेची अट घालणं हे नुसतं हट्टीपण नव्हतं. पुढे १९९८च्या सार्वमताने अटी सैल झाल्या, आणि १ जानेवारी २०२०पासून अशा पालकांच्या नवजात मुलांना जन्मतःच नागरिकत्व मिळू लागलं. म्हणजे शेवटी जन्म मोजला गेला.

लात्व्हियनमध्ये जन्मणं म्हणजे ‘द्झिम्त’. त्यावरून मायदेश ‘द्झिम्तेने’, मातृभाषा ‘द्झिम्ता वलुओदा’. नागरिकत्वाच्या शब्दात मात्र ना दबा, ना द्झिम्त. परका शब्द तसाच ठेवला. तो प्रामाणिक आहे, कारण परीक्षा देऊन कुणी ‘निसर्गाचा’ होतो असा दावा करत नाही. आणि तो झाकणारा आहे, कारण जन्माचा प्रश्न ऐकूच येत नाही.

तक्ते जाळा, असं आम्ही म्हणत नाही. नव्या भाषेत पहिलं पाऊल टाकायला ते लागतातच. आम्हीही त्यांच्याच आधाराने चाललोय. मागणी एवढीच की एका शब्दासमोर एकच शब्द लिहून ओळ मिटवू नका. ‘नॅचरल’समोर चार वाक्यं द्या : वायूचं, मरणाचं, होकाराचं आणि नागरिकत्वाचं. शिकणारा गोंधळेल, पण योग्य जागी गोंधळेल. आणि इथे आपल्यापैकी कुणी उद्या एखाद्याच्या वागण्याला, लग्नाला किंवा भाषेला ‘अनैसर्गिक’ म्हणालं, तर त्याला विचारायची सवय लागेल : निसर्गाचं नाही म्हणताय, जन्माचं नाही म्हणताय, की तुम्हाला समजत नाही एवढंच म्हणताय?