ब्रागाल्या बंधूंचें गतिमान छायाचित्रण : एक परामर्श

जुन्या पोथीच्या पुष्पिकेंत ग्रंथकार व लेखक यांचीं नांवें बहुधा निराळीं असतात, हें वाचकांस सांगावयास नको. वचन एकाचें, अक्षर दुसऱ्याचें. हाच विवेक छायाचित्रांच्या संग्राहकांनींहि कां ठेवावा, हें इतालियांतील ब्रागाल्या बंधूंच्या कृतींवरून दाखविण्याचा येथें हेतु आहे.

आंतोन जूल्यो ब्रागाल्या (१८९०–१९६०) व त्यांचे धाकटे बंधु आर्तूरो (१८९३–१९६२) यांनीं इ. स. १९११ च्या सुमारास कांहीं विलक्षण प्रयोग आरंभिले. तत्पूर्वीं फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे यांनीं एकाच कांचेवर क्षणाक्षणाचीं चित्रें घेऊन गतीचे जणूं तुकडे मोजले होते. या बंधूंनीं उलट मार्ग धरिला. भिंगावरील झांकण उघडें ठेवून हालचालीचा अखंड माग कांचेवर उमटूं दिला. १९११ सालच्या टंकलेखकाच्या चित्रांत यंत्र स्थिर दिसतें, बोटें मात्र धुरासारखीं पसरलेलीं आहेत. इतर छायाचित्रकार ज्यास दोष मानून कांच टाकून देत, त्याच अस्पष्टतेस यांनीं गुण ठरविलें.

१९१३ त आंतोन जूल्यो यांनीं ‘फोतोदिनामिझ्मो फुतुरिस्ता’ हें पुस्तक प्रसिद्ध करून या कृतीची मीमांसा केली. त्यांतील प्रतिपादन आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. गतीचें सातत्य जसेंच्या तसें उतरतें, असा त्यांचा दावा. परंतु देह जेथें क्षणभर थबकतो तेथें छाया दाट उमटते व जेथें वेगानें जातो तेथें विरते. म्हणजे कोठें थांबावें, हें ठरविणारा जो, तोहि चित्राचा कर्ताच होय. चित्राची खरी गोडी या योजनेंत आहे, सिद्धान्तांत नव्हे.

त्याच वर्षीं १ ऑक्टोबरच्या ‘लाचेर्बा’ पत्रांत बोच्चोनी, बाल्ला प्रभृति भविष्यवादी चित्रकारांनीं या छायाचित्रणाशीं आपला संबंध नाहीं, असें जाहीर केलें. वास्तविक बाल्ला यांच्या १९१२ च्या चित्रांत सांखळीस बांधलेल्या कुत्र्याचे पाय असेच अनेक होऊन दिसतात. कुंचल्यानें केलें तें शोधन आणि भिंगानें केलें तें यांत्रिक, हा न्याय आम्हांस पक्षपाती वाटतो.

आतां मुख्य प्रश्न कर्तृत्वाचा. पुस्तकावर नांव थोरल्यांचें. प्रत्यक्ष प्रकाशयोजना व अंधारखोलींतील काम यांत धाकट्यांचें कौशल्य विशेष, असें अभ्यासक सामान्यतः मानतात. तथापि कित्येक संग्रहांत व ग्रंथांत हीं चित्रें एकट्या आंतोन जूल्यो यांच्या नांवावर घातलेलीं आढळतात. लेखी मीमांसा मागें ठेवणारा कर्ता ठरला आणि हातानें काम करणारा साहाय्यक ठरला. मारिनेत्ती व तातो यांच्या १९३० च्या जाहीरनाम्यांत मात्र आर्तूरो यांच्या सहकार्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा पुरावा समकालीनाचा असल्यानें उपेक्षणीय नाहीं.

तात्पर्य, दुसरें नांव गाळल्यानें केवळ एका भावावर अन्याय होतो असें नाहीं. चित्र कसें सिद्ध झालें, हेंहि आपण विसरतों. यास्तव ज्याच्या संग्रहीं अशी प्रत असेल त्यानें तिच्या नोंदींत दोन्हीं नांवें लिहावीं. पोथींतील लेखकाचें नांव आपण खोडीत नाहीं. मग हें कां खोडावें?