नोंदवहीतील कोरी जागा

इ. स. १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये गाजलेल्या ‘सेन्सेशन’ कादंबरीची संभावना समकालीन टीकाकारांनी तुच्छतेनेच केली. हेन्री मॅन्सेल याने १८६३ साली ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये तिच्यावर ठेवलेला मुख्य आक्षेप असा की, ती बुद्धीला आवाहन न करता केवळ मज्जातंतू चेतवते. द्विभार्या, विषप्रयोग, वेड्यांचे इस्पितळ ही तिची सामग्री पाहता त्यात नवल नाही. परंतु या सामग्रीत वावरणारी एक निर्जीव वस्तू टीकाकारांच्या नजरेतून निसटली. ती म्हणजे कागद.

जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद इंग्लंडमध्ये १८३७ पासून सुरू झाली. माणसाचे माणूसपण आता दप्तरात जाऊन बसले. विल्की कॉलिन्स याने वकिलीची सनद घेतलेली होती. त्याला हे नेमके उमगले. ‘द वुमन इन व्हाइट’मधील (१८५९–६०) सर पर्सिव्हल ग्लाइडचे बॅरोनेटपद चर्चच्या विवाहनोंदवहीत त्याने आईबापांच्या नावे घुसडलेल्या एका ओळीवर उभे आहे. त्याच वहीची दुसरी प्रत शेजारच्या गावी एका वकिलाकडे आहे, आणि तीत ती जागा कोरी आहे. साऱ्या कादंबरीत या कोऱ्या जागेइतके भयंकर दुसरे काही नाही. फॉस्कोचे पांढरे उंदीरही तिच्यापुढे खेळकरच वाटतात!

लॉराचे दुःख याच्या उलट आहे. तिच्या नावाने दुसरीच स्त्री पुरली जाते, आणि तिचे वीस हजार पौंड विवाहकरारान्वये पतीकडे जातात. ती जिवंत आहे. पण तिचा चेहरा, तिचा शब्द, तिची स्मृती यांपैकी काहीच पुरे पडत नाही. मृत्यूच्या दाखल्यावरील तारखेनंतर तिने लंडनचा प्रवास केला, एवढाच पुरावा अखेर उपयोगी पडतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० व १८८२ साली झाले. त्यांच्या आधीची ही कथा आहे, हे विसरून तिला निव्वळ रहस्यकथा म्हणणे अन्यायाचे होईल.

मिसेस हेन्री वुडच्या ‘ईस्ट लिन’मध्येही (१८६१) नायिकेच्या मृत्यूची खोटी वार्ता आहेच, पण तेथे अश्रूंचाच पूर अधिक.

मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ (१८६२) खरी धीट आहे. लॉरावर जे लादले जाते, ते हेलन टॉलबॉइज स्वतः घडवून आणते. वर्तमानपत्रात स्वतःच्या मृत्यूची वार्ता छापविते, व्हेंटनर येथील थडग्यात आपल्या नावाने दुसरीला झोपविते. तिचा अपराध उघड झाल्यावर डॉक्टर मॉसग्रेव्ह प्रथम सांगतो की, तिच्यात वेडाचे लक्षण नाही. मग तिची गोष्ट ऐकून, तिला भेटून, तो एक पत्र लिहितो. त्या पत्राच्या बळावर तिला बेल्जियममधील इस्पितळात कायमचे ठेवण्यात येते; तेही आणखी एका नव्या नावाने.