जगतापांची कथा आणि नारळीकरांचे नाव : एका कल्पितकथाकाराच्या लेखनप्रेरणेचा विचार

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची निवड झाली होती. विज्ञानकथालेखकाला हे पद मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. प्रकृतीच्या कारणास्तव ते कुसुमाग्रज नगरीत उपस्थित राहू शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. या दोन्ही प्रसंगी त्यांच्याविषयी जे बोलले व लिहिले गेले, त्यात एक वाक्यरचना पुन:पुन्हा आढळते : इतके मोठे शास्त्रज्ञ असूनही त्यांनी मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. या वाक्यातील ‘असूनही’ हा शब्द गौरवाचा असला, तरी वाङ्मयविचाराच्या दृष्टीने तो अडचणीचा आहे. कथालेखन हा शास्त्रज्ञाचा फावल्या वेळेतील औदार्याचा भाग होय, असे त्यातून सूचित होते आणि मग त्या कथेचे कथा म्हणून मूल्यमापन करण्याची गरजच उरत नाही. नारळीकर ज्या मार्गाने लेखनाकडे आले, तो मार्ग पाहिला असता त्यांना स्वत:ला ही सवलत नको होती, असे दिसते.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताला मोठे स्थान होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यापुढे अद्भुत हे लोकरंजनाचे साधन ठरले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ला अमाप वाचक मिळाले, समीक्षकांनी मात्र त्या वाचकप्रियतेलाच तिच्याविरुद्धचा पुरावा मानले. ज्यूल व्हर्नची मराठी रूपे आणि भा. रा. भागवतांचे अनुवाद किशोरवाचनाच्या कप्प्यात गेले, तर नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयांच्या झिजलेल्या पुठ्ठ्यांत राहिल्या. १९७० च्या दशकात कल्पिताला गंभीर वाङ्मय म्हणून मराठीत फारशी जागा नव्हती. नारळीकरांच्या आगमनाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. बालपण मात्र बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात गेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती यांचा संस्कृतचा व्यासंग होता. शाळेचे माध्यम हिंदी आणि घराची भाषा मराठी. ही वरवर किरकोळ वाटणारी बाब त्यांच्या गद्याच्या संदर्भात महत्त्वाची आहे. शालेय निबंधलेखनातून मराठी लेखकाच्या हाताला जे अलंकार चिकटतात, ते या लेखकाच्या वाट्याला आलेच नाहीत. त्यांची मराठी ही घरात बोलली जाणारी, कामापुरती व स्वच्छ मराठी आहे. ती रूक्ष असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे व तो काही ठिकाणी खरा आहे. परंतु असंभवनीय घटना विश्वसनीय करून सांगावयाची असेल, तर असे गद्य उपयोगी पडते.

बनारसच्या या घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यांचे मामा शिक्षणासाठी तेथे राहावयास आले असता जयंतासाठी म्हणून त्या फळ्यावर गणिताचे एखादे आव्हानात्मक कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा मुलाने हार मान्य करीपर्यंत, फळ्यावर तसेच राही. नारळीकरांनी ही आठवण अनेकदा सांगितली असून ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रामुळे ती सर्वपरिचित झाली आहे. (या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथाकाराला अकादमीची मान्यता आत्मचरित्राच्या वाटेने मिळावी, हेही सूचक आहे.) गणितातील प्रावीण्याचे मूळ म्हणून ही आठवण सहसा सांगितली जाते. परंतु त्यांच्या कथांचा सांगाडाही याच फळ्यावर तयार झाला, असे म्हणता येईल. कथेच्या आरंभी एक विसंगती मांडली जाते, वाचकाला तिच्यापुढे काही काळ उभे केले जाते आणि शेवटी उकल पुढे येते. कथेकडे पाहण्याची ही दृष्टी कोडे घालणाऱ्याची आहे.

१९५७ साली नारळीकर केंब्रिजला गेले. त्याच वर्षी फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. सूर्याकडे येणारा वायूचा एक प्रचंड मेघ बुद्धिमान आहे, ही तिच्यातील कल्पना. पुढे हॉईल हेच त्यांचे संशोधन-मार्गदर्शक झाले आणि १९६४ मध्ये गुरु-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धांत जगापुढे आला. खगोलशास्त्रज्ञाने कादंबरी लिहिणे यात कमीपणा नाही, हा धडा नारळीकरांना हॉईल यांच्या उदाहरणाने मिळाला. मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्रस्थापित मतांशी झगडणाऱ्या हॉईल यांच्यासाठी कादंबरी हे धाडसी कल्पना मोकळेपणाने मांडण्याचे क्षेत्र होते. १९७२ मध्ये भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या नारळीकरांपुढे फलज्योतिषावर विसंबून लग्ने ठरविणारा सुशिक्षित समाज होता. गुरूकडून लेखनप्रकार आला. प्रयोजन येथील समाजाने दिले.

प्रत्यक्ष लेखनाला निमित्त घडले ते १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना नारळीकरांनी हातातील कागदावर कथा लिहावयास घेतली. (परिसंवादांना नियमित हजेरी लावणाऱ्या प्राध्यापकवर्गाला या प्रसंगाचे नवल वाटू नये.) ‘कृष्णविवर’ ही ती कथा. ती स्पर्धेला पाठविताना त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली व ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव धारण केले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. वस्तुत: नारळीकरांच्या वाङ्मयीन भूमिकेचे ते पहिले व सर्वांत स्पष्ट विधान आहे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालेल्या मनुष्याचे नाव परीक्षकांवर दडपण आणणार, हे उघड होते. ते नाव बाजूला ठेवून कथा उभी राहते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. फळ्यावरील गणिताचे उत्तर कोणी काढले यावर त्याचा बरोबरपणा ठरत नाही. कथेलाही हाच न्याय लागावा अशी ही अपेक्षा होती. परंतु निकालानंतर जगताप हे नाव मागे पडले. ‘किर्लोस्कर’ मासिकातून नारळीकरांच्या कथा येऊ लागल्या, कराडच्या संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात त्यांची दखल घेतली, १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला आणि तेव्हापासून आजतागायत मराठी समीक्षेने नारळीकरांची कथा त्यांच्या नावासकटच वाचली आहे.

नाव झाकून वाचली असता या कथांचे काय होते? सगळ्या सारख्याच टिकत नाहीत, हे मान्य करावयास हवे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मोबियस पट्टीच्या तत्त्वावर रचलेली आहे. डावे-उजवे यांची अदलाबदल हे तिचे कोडे. गणपतीच्या सोंडेची दिशा आणि क्रिकेटपटूचा हात यांतून ते उलगडते. देवघरातील मूर्ती आणि भूमिती यांना एकत्र आणण्यातील चातुर्य लोभस आहे. पण उकल हाती आल्यावर कथेत परत जाण्याचे कारण उरत नाही. ‘धूमकेतू’ या कथेत त्याहून अधिक काही आहे. हौशी खगोलनिरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचे संकट शास्त्रज्ञ टाळतात. त्याच वेळी घरी त्याची पत्नी शांतीसाठी धार्मिक विधी करते आणि संकट टळल्याचे श्रेय त्या विधीला जाते. येथे लेखकाचा प्रबोधनाचा हेतू उघड दिसतो. तरीही कथेचा शेवट विजयाचा नाही. आकाशातील प्रश्न सुटतो, घरातील सुटत नाही. मात्र ती पत्नी स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहात नाही. तिची श्रद्धा कोठून आली, या प्रश्नात लेखकाला रस नाही आणि एवढ्यापुरती कथा उणी पडते.

नारळीकरांच्या कल्पनाशक्तीचा खरा आवाका ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत दिसतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकची धडक बसून अशा एका मुंबईत पोहोचतात, की जिच्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ चा निकाल वेगळा लागलेला आहे. तेथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती केसाच्या अंतराने हुकली आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात गंगाधरपंत स्वत:च लिहिलेल्या इतिहासाचे खंड उघडतात आणि पाचव्या खंडात पानिपतापाशी येऊन थबकतात. या प्रसंगाची भीषणता शांत आहे. आपलेच हस्तक, आपलीच शैली आणि आपण कधीही न लिहिलेले वाक्य! मराठी वाचकाच्या मनात पानिपताचा सल अडीच शतकांहून अधिक काळ आहे. लेखकाने त्या सलाला हात घातला आहे, पण विजयाचे रंगीत चित्र रंगविण्याचा मोह टाळला आहे.

याच कथेत सभांच्या अध्यक्षांविषयीचा उपरोधही आहे. गंगाधरपंतांनी ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषविलेले आहे. त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर भरलेल्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते, कारण लोकांना अध्यक्षीय भाषणांचा वीट आलेला आहे. गंगाधरपंत सवयीने त्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोत्यांचा मार खातात. नाशिकच्या संमेलनात या कथेच्या लेखकाची खुर्ची अध्यक्षाविना राहिली, हा योगायोग त्यांच्या वाचकांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नसेल.

कथेच्या शेवटी राजेंद्र हा गंगाधरपंतांचा वैज्ञानिक मित्र कॅटास्ट्रॉफी थिअरी व पुंजवादातील अनिश्चितता यांच्या आधारे घटनेची उपपत्ती सांगतो. फळ्यावरील कोड्याचे हे उत्तर. नारळीकरांच्या अन्य कथांत असे उत्तर आले की फळा पुसला जातो. येथे तसे घडत नाही. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरलेले आहे आणि त्या पानावर विश्वासराव जिवंत आहेत. उपपत्ती कितीही पटली, तरी हे पान हाती धरणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. विज्ञानाने घटना समजते, पण इतिहासाच्या प्राध्यापकाला आपल्या आयुष्यभराच्या कामाखालची जमीन सरकल्यासारखे जे वाटते, ते समजावून सांगता येत नाही. ही कथा इंग्रजी रूपात राष्ट्रीय पातळीवरील अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली. वर्गात तिच्यातील विज्ञान शिकविणे सोपे आहे. त्या पानाविषयी बोलणे अवघड आहे.

कादंबरीत हे साधणे अधिक कठीण, कारण कोड्यावर दोनशे पृष्ठे तोलून धरता येत नाहीत. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत खोदकामात एका लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेली पेटिका सापडते. तिच्यातील ज्ञानाच्या आधारे शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवितात आणि ती संस्कृती कशामुळे नष्ट झाली, हे त्यांना फार उशिरा उमगते. पुराणातील बटु वामन दान मागावयास येतो व त्रिभुवन व्यापतो. नारळीकरांनी ती कथा पुन्हा न सांगता केवळ नावातून तिची सावली कादंबरीवर पाडली आहे. व्यक्तिरेखा येथेही कामापुरत्याच आहेत. पण स्वत:सारखी दुसरी यंत्रे निर्माण करण्याची क्षमता वामनाला द्यावी की न द्यावी, या निर्णयाभोवती कादंबरीत जो ताण निर्माण होतो, तो उकलीच्या औत्सुक्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. येथे शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेलाच दोषी ठरविण्याची शक्यता लेखकाने खुली ठेवली आहे. आयुष्यभर जिज्ञासेचा पुरस्कार केलेल्या लेखकाकडून हे यावे, याची दखल मराठी समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

ज्या नगरात हे संमेलन भरले, त्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेत पृथ्वीला सूर्यावर प्रेम करावयास लावले. ती कविता महाविद्यालयीन वर्गात शिकविताना तिच्यातील खगोलशास्त्र बरोबर आहे काय, असे कोणी विचारीत नाही. नारळीकरांच्या कथेला मात्र प्रथम तोच प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर होकारार्थी आले की वाचन संपते. १९७४ च्या स्पर्धेतील परीक्षकांपुढे लेखकाचे खरे नाव नव्हते आणि हस्ताक्षरही लेखकाचे नव्हते. त्यांच्यापुढे एका अपरिचित जगतापाची कथा तेवढी होती आणि तिला त्यांनी पहिला क्रमांक दिला.