हॅप्सबर्ग घराणे व ऑस्ट्रियन संगीत

ऑस्ट्रियाच्या अभिजात संगीताचे श्रेय हॅप्सबर्ग राजघराण्याच्या उदार आश्रयास देण्याचा प्रघात आहे. सतराव्या शतकापुरता तो यथार्थ होय. पहिल्या माक्सिमीलिआनने १४९८ मध्ये व्हिएन्नात स्थापिलेला दरबारी गायक-वादकवृंद पुढे साम्राज्याचे भूषण ठरला. तिसरा फर्डिनांट व त्याचा पुत्र पहिला लीओपोल्ट (कार. १६५८–१७०५) हे सम्राट स्वतःच संगीतरचनाकार होते. लीओपोल्टची धार्मिक रचना तर केवळ राजविलास म्हणून बाजूस सारण्याजोगी नाही.

ज्यांच्यामुळे व्हिएन्ना संगीतनगरी ठरली, त्यांच्याबाबत मात्र दरबाराचा हात आखडता दिसतो. हायडनची उमेदीची वर्षे एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या सेवेत गेली. दुसऱ्या जोझेफने मोट्सार्टला १७८७ मध्ये नेमले ते ८०० फ्लोरिन वेतनावर, आणि तेही मुख्यत्वे दरबारी नृत्योत्सवांची नृत्ये रचण्यासाठी. त्याआधी ग्लुकला २,००० मिळत. तथापि जर्मन भाषेतील संगीतिकेला याच सम्राटाने रंगमंच मिळवून दिला, हेही नमूद केले पाहिजे. बेथोव्हनला दरबारी पद कधीच लाभले नाही. १८०९ मध्ये त्याला ठरवून दिलेल्या ४,००० फ्लोरिनच्या वर्षासनापैकी १,५०० त्याचा शिष्य आर्चड्यूक रूडॉल्फ याचे होते; पण तो राजाश्रय नव्हे, व्यक्तिगत स्नेह होता. रूडॉल्फच्या आर्चबिशपपदाच्या सोहळ्यासाठी (१८२०) योजिलेली ‘मिसा सोलेम्निस’ १८२३ मध्ये पूर्ण झाली. शूबर्ट दरबारी चॅपेलमधील बालगायक म्हणून शिकला. तेथील उपसंगीतप्रमुखपदासाठी त्याने १८२६ मध्ये केलेला अर्ज निष्फळ ठरला.