नाताळचा मुहूर्त आणि अपुरा खेळ

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. वाटू द्या. आमचा प्रश्न जुनाच आहे. एखादी गोष्ट पूर्ण झाली, हे कोण ठरवतं? करणारा, वापरणारा, की कॅलेंडर? गेमच्या धंद्यात उत्तर बहुतेक वेळा कॅलेंडर देतं, आणि त्यात नाताळ लाल अक्षरात छापलेला असतो.

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. दुसऱ्या दिवशी खरेदीची जी झुंबड उडते, ती थेट २५ डिसेंबरपर्यंत. म्हणून प्रकाशक आपला मोठा गेम ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणतात. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही मालिका २००५ पासून दर साली साधारण याच सुमाराला येते, गणपती उठले की नवरात्र यावं तशी. इथवर तक्रार करण्यासारखं काही नाही. दिवाळीच्या तोंडावर कापडवाला नवा माल मागवतोच.

पण नाताळच्या खरेदीत एक गंमत आहे. विकत घेणारा एक आणि खेळणारा दुसरा. आजी नातवासाठी घेते, बाप मुलीसाठी घेतो. आजीला खोक्यावरचं चित्र दिसतं, नाव ओळखीचं वाटतं. आतला खेळ किती तयार आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. म्हणजे ज्याच्या पसंतीवर विक्री ठरते, तो तो खेळ कधीच खेळणार नाही! अशा गिऱ्हाइकासमोर पूर्णत्वाला किंमत उरत नाही. किंमत उरते ती वेळेवर दुकानात असण्याला. आमच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे.

१९८२ चं उदाहरण घ्या. स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ जूनमध्ये पडद्यावर आला आणि तुफान चालला. अटारी कंपनीने गेमचे हक्क मिळवले ते जुलैच्या अखेरीस. नाताळला माल दुकानात हवा, तर कार्ट्रिज कारखान्यात आधी तयार व्हायला हवीत, म्हणजे काम १ सप्टेंबरला हातावेगळं व्हायला हवं. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रॅमरला सुमारे पाच आठवडे मिळाले. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. त्याने केलंही. (हे गृहस्थ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले, आणि आम्हाला त्यात विशेष आश्चर्य वाटत नाही.)

खेळात तो बिचारा परग्रहवासी सारखा खड्ड्यात पडतो. वर निघतो, पुन्हा पडतो. चार मुलांना आधी खेळायला बसवलं असतं तर हे पहिल्या दुपारीच लक्षात आलं असतं. पण चाचणीला दिवस कुठले?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण ही कथा सांगणारे ती विसरतात. तारीख चुकली नाही. नाताळला खेळ दुकानात होता, आणि लाखांनी खपला. आज्यांनी घेतला! मग नातवांनी तो लावला, आणि माल परत येऊ लागला. कंपनीने सुमारे चाळीस लाख कार्ट्रिज बनवली होती. न खपलेल्या मालातला काही भाग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला गेला, आणि २०१४ साली खणून वर काढला गेला. मुहूर्त अगदी अचूक साधला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव अर्ध्या कपड्यांत उभा होता, एवढंच.

तरी अटारीच्या बाजूने एक बोललं पाहिजे. त्यांची घाई निदान वस्तूतून आलेली होती. कारखाना होता, वाहतूक होती, त्यांना वेळ लागतोच. आपल्या दिवाळी अंकाचंही तसंच. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादक उन्हाळा सरता सरता लेखकांच्या मागे लागतात, कारण छापखान्याला दिवस लागतात. आणि एकदा छापलेला अंक छापलेलाच. चूक राहिली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र, तेही चार ओळींचं.

आज गेम तारेवरून घरात येतो, आणि शुद्धिपत्रही तारेवरून येतं. पहिल्याच दिवशी, ग्रंथाएवढं. म्हणजे तारखेची सक्ती करणारं जुनं कारण पुष्कळसं गेलं. सक्ती मात्र वाढली! कारण आता अपुरं काम पाठवणं शक्य झालं आहे. पूर्वी ‘प्रकाशित’ या शब्दात ‘पूर्ण’ हा अर्थ गृहीत होता. आता ते दोन शब्द वेगळे राहतात, अधूनमधून भेटतात.

‘सायबरपंक २०७७’ हे त्याचं ठळक उदाहरण. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने आधी १६ एप्रिल २०२० ही तारीख दिली. मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम ‘गोल्ड’ झाल्याचं जाहीर झालं. गोल्ड म्हणजे मूळ प्रत पक्की, आता फक्त प्रती काढायच्या. आणि त्याच महिन्यात तारीख पुन्हा पुढे गेली, १० डिसेंबरला! पक्की झालेली प्रत पक्की नव्हती, असा याचा अर्थ. शब्दांचं अवमूल्यन कसं होतं ते पाहा. कामगारांवर जादा तासांची सक्ती करणार नाही, असं वरिष्ठांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं. २०२० च्या सप्टेंबरअखेर सहा दिवसांचा आठवडा आला.

मग चौथ्यांदा तारीख का नाही ढकलली? १० डिसेंबरच्या पुढे गेलं की नाताळ गेला, आणि ३१ डिसेंबरला त्या कंपनीचं आर्थिक वर्षही संपतं. ऐंशी लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. समीक्षकांना आधी मिळाली ती संगणकावरची आवृत्ती. जुन्या कन्सोलवर काय हाल आहेत, ते गिऱ्हाइकाला घरी कळलं. १८ डिसेंबरला सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो परतला २०२१ च्या जूनमध्ये. २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याची वाहवा झाली. आता समीक्षकाने सांगावं, कृती कोणती? डिसेंबर २०२० ची की २०२३ ची? ज्या पोराला नाताळच्या सकाळी पहिली मिळाली, त्याच्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. तो तीन वर्षांनी पुन्हा बारा वर्षांचा होत नाही.

नाताळ म्हणतो खरं, पण कधी कधी नाताळ हा नुसता मुखवटा असतो आणि आत वहीखाता असतो. आपल्या पुण्याकडेच पाहा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम मुळात २००३ च्या नोव्हेंबरात आला, युबिसॉफ्टने त्याच महिन्यात ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ही आणला, आणि स्वतःच्याच एका लेकराला गर्दीत हरवून टाकलं. या ‘प्रिन्स’चं नवं रूप करण्याचं काम पुढे कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेली तारीख होती २१ जानेवारी २०२१. चित्रफितीवर टीका झाली तेव्हा नवी तारीख दिली १८ मार्च. दोन्ही तारखा ३१ मार्चच्या अलीकडच्या, आणि त्या कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. हा योगायोगही असेल. आम्ही तर्कशास्त्र शिकवलेलं आहे, त्यामुळे एवढी सूट देतो. तीही तारीख गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला नेलं. चेष्टा झाली ती मात्र इथल्या मुलामुलींच्या कामाची. त्यांना किती वेळ दिला होता, हे विचारणारे थोडे.

उलट बाजूही आहे. ‘टायटनफॉल २’ हा पुरा झालेला, समीक्षकांनी नावाजलेला गेम. ईएने तो २८ ऑक्टोबर २०१६ ला आणला. आठवडाभर आधी त्यांचाच ‘बॅटलफील्ड १’, आठवड्याने ‘कॉल ऑफ ड्यूटी’. दोन हत्तींच्या मधून जायला सांगितलं, आणि मग पोरगं दिसेना म्हणून हळहळले. ‘हेलो इन्फिनिट’ पुढे ढकलला तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. पण ढकलून गेला कुठे? पुढच्या नाताळापाशी, ८ डिसेंबर २०२१.

हंगाम चुकला तर गेम मरतो, असं सांगतात. मग ‘एल्डन रिंग’ २०२२ च्या फेब्रुवारीत कसा चालला? ‘बाल्डर्स गेट ३’ तर २०२३ च्या ऑगस्टात आला, तोही ठरल्या तारखेच्या चार आठवडे आधी. फेब्रुवारीत आजी दुकानात नसते. खेळणारा स्वतः असतो, आणि तो निवडून घेतो.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ साठी आधी २०२५ ची शरद ऋतू, मग २६ मे २०२६ आणि नंतर १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली. थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधीचा गुरुवार. बरं, मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे. विचारा.