रॉबर्ट फ्रँक यांचा 'द अमेरिकन्स' : प्रवास आणि निवड

रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) यांच्या 'द अमेरिकन्स' या छायाचित्रसंग्रहाविषयी एक समज रूढ आहे. ही चित्रे वाटेत सहज टिपली गेली, आणि त्यांतील अंधुकपणा, कलती क्षितिजरेषा व ठळक कण ही घाईची चिन्हे होत, असा तो समज. संग्रहाच्या घडणीकडे पाहता तो टिकत नाही.

फ्रँक मूळचे झुरिकचे. १९४७ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाल्यावर एक जुनी फोर्ड मोटार आणि ३५ मिलिमीटरचा लायका कॅमेरा एवढ्या सामग्रीवर ते अमेरिकाभर हिंडले. खरी पूर्वतयारी मात्र सामग्रीत नव्हती. ती वॉकर इव्हान्स यांच्या 'अमेरिकन फोटोग्राफ्स' (१९३८) या संग्रहाच्या परिशीलनात होती. इव्हान्स यांनी १९३६ मध्ये अटलांटातील न्हाव्याचे दुकान आत शिरून टिपले. त्यातील टॉवेलन् टॉवेल स्पष्ट दिसतो. फ्रँक यांनी साउथ कॅरोलिनातील तसेच एक दुकान १९५५ मध्ये बाहेरून, जाळीच्या दारातून टिपले. जाळीवर बाहेरचे प्रतिबिंब उमटले आहे, आणि छायाचित्रकाराची स्वतःची आकृती जेथे पडते तेथेच आतली खुर्ची दिसते. विषय गुरूचा, पण उभे राहण्याची जागा परक्याची. (ते परकेपण केवळ कलेपुरते नव्हते : त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्कान्सा राज्यातील पोलिसांनी संशयावरून त्यांना काही तास अडकवून ठेवले.) अशा चित्रातील अस्पष्टतेला तांत्रिक दोष म्हणणे युक्त नव्हे.

फिल्मवर काम करणाऱ्याला रोल धुतल्याखेरीज आपण काय टिपले हे कळत नाही. फ्रँक यांनी ७६७ रोल वापरले. चित्रे सत्तावीस हजारांहून अधिक झाली, आणि संग्रहात आली अवघी ८३. म्हणजे सुमारे सव्वातीनशेंतून एक. घाईचा आक्षेप येथे निरुत्तर होतो. कारण ज्याला स्वच्छ चित्र हवे असते त्याला एवढ्या राशीत ते खचित सापडले असते. चित्रांच्या क्रमात राष्ट्रध्वज पुनःपुन्हा येतो. ही योजना क्वचित अतिस्पष्ट वाटते, हेही नमूद केले पाहिजे.

१९५८ च्या पॅरिस आवृत्तीत चित्रांसमोर अमेरिकेविषयीचे विविध लेखकांचे उतारे छापले होते. १९५९ च्या अमेरिकन आवृत्तीतून ते गेले. जॅक केरुआक यांची प्रस्तावना आली, आणि चित्रे प्रथमच स्वतःच्या बळावर उभी राहिली.